नग चार

“मशिनींची बिलं आहेत का?”

पंचनामा लिहायला आलेल्या भाऊसाहेबांचा हा पहिला प्रश्न. अण्णा, म्हणजे माझे वडील, जळक्या दुकानाच्या मधोमध उभे होते. पायांत माझ्या भावाच्या चपला, कारण त्यांच्या स्वतःच्या त्या रात्रीच्या पळापळीत कुठे गेल्या ते कळलंच नव्हतं. ते काही बोलले नाहीत. मागच्या भिंतीकडे त्यांनी नुसता हात केला. तिथे आमचं लाकडी कपाट होतं. कपाटात बिलं, भाड्याच्या पावत्या, गुमास्ता परवाना, गिऱ्हाइकांच्या मापांची वही. आता भिंतीवर कपाटाच्या मापाचा काळा चौकोन तेवढा उरला होता.

“म्हणजे नाहीत,” भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.

ही गोष्ट जानेवारी १९९३ची, धारावीतली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, एस. वाय. बी. कॉम.ला. घरात माझं अक्षर चांगलं, म्हणून फिर्यादीपासून ॲफिडेव्हिटपर्यंत सगळं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. आमचं आटोपलं तशी गल्लीतली माणसं आपापले कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागली. त्यानंतर कुठेही दंगल झाली की मला ते दिवस आठवतात. मार्च २०२५मध्ये नागपूरच्या बातम्या बघतानाही आठवले. जखमी किती, अटक किती, यावर टीव्हीवर तासन्‌तास बोलतात. पण ज्याचं दुकान जळलं तो दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जातो, कुणासमोर उभा राहतो, त्याला काय काय विचारतात, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

अण्णांचं दुकान ९० फुटी रस्त्यावरून आत वळलं की गल्लीच्या तोंडाशीच होतं. शाळांचे गणवेश, शर्ट-पँट, लगीनसराईत सफारी. पाच मशिनी, कटिंगचं एक लांब टेबल, कोळशाची इस्त्री. चार मशिनी अण्णांच्या. पाचवी मास्टरांची.

मास्टर म्हणजे आमचे कटिंग मास्टर. उत्तर प्रदेशातले, पाच वेळचे नमाजी. अकरा वर्षं आमच्याकडे होते. पहिल्या तीन वर्षांत पै-पै साठवून त्यांनी स्वतःची पायमशीन घेतली. रात्री दुकान बंद झालं की तिच्यावर ते आपलं बाहेरचं काम करत. ती दाराजवळ, उजेडाला ठेवलेली असायची. दुसऱ्या कुणी तिच्यावर बसलेलं त्यांना खपत नसे, फक्त मला बसू देत. काज कसं करायचं ते मला त्यांनीच शिकवलं. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं की वही न उघडता ते माप सांगत, “छाती छत्तीस, बाही साढ़े तेईस,” आणि अण्णा नुसते हसत.

६ डिसेंबर १९९२ला अयोध्येत बाबरी मशीद पडली आणि त्याच संध्याकाळपासून मुंबई पेटली. डिसेंबरात आमची गल्ली वाचली. दहा-बारा दिवसांनी दुकान उघडलं, मास्टर कामावर आले. पण पूर्वी दिवसभर चालणारा रेडिओ दोघांपैकी कुणीच लावेना. मशिनींचा आवाज यायचा, माणसांचा नाही. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा भडका उडाला. आम्ही लालबागला मावशीकडे गेलो आणि ९ जानेवारीच्या रात्री दुकान गेलं. अण्णा मागे थांबले होते, ते कसेबसे जीव घेऊन निसटले.

कुणी जाळलं हे अण्णांनी पाहिलं नव्हतं. सांगणारे पुष्कळ होते. एकजण एका गल्लीचं नाव घ्यायचा, दुसरा दुसऱ्या. अण्णांनी शेवटपर्यंत कुणाचंच नाव घेतलं नाही. “जे बघितलं नाही ते मी कसं सांगू?” एवढंच म्हणायचे. पुढे, दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मी वाचलं की जानेवारीच्या दंगलीत लष्कराचा परिणामकारक वापर कसा करायचा हे ठरवून आदेश द्यायला तेव्हाचे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांनी चार मोलाचे दिवस घालवले. ते चार दिवस मी कितीदा बोटांवर मोजले असतील. आमची ९ तारीख त्यांत बसते की नाही हे बघण्यासाठी.

मास्टर १२ तारखेला निघाले. बायको, तीन मुलं आणि एक ट्रंक घेऊन व्हीटी. त्या दिवसांत व्हीटीवर आणि दादरला गाव गाठायला निघालेल्या माणसांची नुसती रीघ लागली होती. त्यांनी गल्लीतल्या तमिळ इडलीवाल्याकडे, ज्यांना आम्ही अण्णाची म्हणायचो, निरोप ठेवला: “सेठ से कहना, मशीन देख लेना.” कर्फ्यू होता, अण्णांना स्टेशनवर जाता आलं नाही. ते त्यांना फार लागलं.

पहिलं काम फिर्यादीचं. कर्फ्यू शिथिल व्हायचा तेवढ्या दोन-तीन तासांत पोलीस ठाण्यात जायचं, रांगेत उभं राहायचं आणि वेळ संपली की परतायचं. तिसऱ्या खेपेला सांगण्यात आलं की तुमच्या गल्लीचा एकत्रच गुन्हा दाखल झाला आहे, तुमचं त्यात येऊन जाईल. येऊन गेलं की नाही हे बघायला मी प्रत मागितली, तर मागून कुणीतरी म्हणालं, “पोरीला वकील व्हायचंय वाटतं.” मी गप्प बसले. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत द्यायची हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४मध्ये लिहिलेलं आहे, हे मला मदत छावणीत बसणाऱ्या एका वकीलबाईंनी सांगितलं. त्यांनी ते कलम एका चिठ्ठीवर लिहून दिलं. चौथ्या खेपेला ती चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि प्रत मिळाली. त्यात आमच्या दुकानाची एक ओळ होती. आरोपींच्या जागी “अज्ञात जमाव”.

त्या अज्ञात जमावाचं पुढे काय झालं ते सांगते. गुन्हा खरा, पण करणारा सापडत नाही, असं म्हणून तपास बंद करतात त्याला ‘ए समरी’ म्हणतात. मुंबईच्या दंगलीतले तेराशेहून अधिक गुन्हे असे ‘ए समरी’त गेले. आमचाही त्यातच. तसं कळवणारं पत्रसुद्धा घरी आलं नाही, मीच दीड वर्षाने विचारायला गेले तेव्हा कळलं.

आता पंचनामा. हा खरा तर सगळ्या भरपाईचा पाया. पंचनाम्यात जे आलं ते जळलं, जे आलं नाही ते कधी नव्हतंच, असा सरकारी हिशेब असतो. आणि पंचनामा म्हटला की दोन पंच लागतात. त्या दिवसांत सही करायला माणूस मिळणं कठीण. उद्या साक्षीला बोलावतील, नाव बाहेर फुटेल, म्हणून ओळखीची माणसं दार लावून घेत होती. आमचे पंच झाले ते कुंभारवाड्यातले एक म्हातारे गुजराती कुंभार, ज्यांच्या नातवांचे गणवेश आम्ही शिवायचो, आणि इडलीवाले अण्णाची. अण्णाचींनी सही तमिळमध्ये केली. भाऊसाहेब क्षणभर थबकले, मग म्हणाले, “चालेल.” त्या मराठी कागदाखालची ती गोल गोल तमिळ अक्षरं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते हे मला आवर्जून सांगायचं आहे. महसूल खात्याचा तो दमलेला कारकून सकाळपासून राखेत फिरत होता, त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या. उलट्या घातलेल्या डब्यावर बसून, मांडीवर फाइल ठेवून तो लिहीत होता. बिलं नाहीत म्हटल्यावर तो नुसतं “जुन्या मशिनी, अंदाजे” असं लिहून पुढे जाऊ शकला असता.

पण अण्णांनी त्याला थांबवलं. आगीत मशिनींची लाकडी फळी जाते, पट्टा जातो, बॉबिनचा डबा वितळतो, पण बिडाचा सांगाडा राहतो आणि त्यावरची नंबराची पट्टी राहते. आदल्या दिवशी आईने चिंचेचा कोळ आणि राख लावून त्या पाचही पट्ट्या घासून ठेवल्या होत्या. काळ्या सांगाड्यांवर तेवढाच बोटभर पितळेचा तुकडा लखलखत होता. अण्णा एकेका मशिनीशी वाकून नंबर वाचत गेले आणि भाऊसाहेब लिहीत गेले. चार नंबर झाले. पाचव्याशी अण्णा थांबले.

“ही आमच्या मास्टरांची. त्यांच्या नावावर लिहा.”

“ते कुठे आहेत?”

“गावी गेलेत. जीव मुठीत घेऊन गेले.”

“रेशनकार्ड? अर्ज? मालक हजर पाहिजे, नाहीतर मला लिहिता येत नाही हो.” भाऊसाहेबांनी पेन कानामागे ठेवलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “असं करा, तुमचीच म्हणून लिहितो. नग पाच. कोण बघतंय?”

अण्णा म्हणाले, “माझी नाही ती.”

मग कागदावर आलं ते असं: शिलाई मशीन, नग चार.

त्या एका ओळीवरून आमच्या घरात किती वर्षं वाद झाला! आई म्हणायची, पाच लिहून घ्यायचं आणि पैसे मास्टरांना मनीऑर्डरने पाठवायचे. भाऊ म्हणायचा, सरकारशी कसला खरेपणा. मलाही तेव्हा वाटलं होतं, भाऊसाहेब माणुसकीने म्हणत होते तर ऐकायला हवं होतं. अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. पाच लिहिलं की मास्टर त्या दुकानात होते हेच पुसलं जाईल. पैसे कुणीही पाठवू शकतं, पण त्यांचं नुकसान झालं हे सरकारने त्यांच्या नावाने लिहायला पाहिजे. मला हे पटायला बरीच वर्षं लागली.

आमच्या ओट्यावर मी चाळीसेक जणांचे अर्ज लिहिले. भाजीच्या गाडीवाली, जरीकाम करणारे दोघे भाऊ, बेकरीतला पोऱ्या, कोळशाच्या वखारीचा मालक. हिंदू होते, मुसलमान होते, आमच्यासारखेच सगळे. प्रत्येकाचा गाडा एकाच जागी अडायचा. घर जळलं हे सिद्ध करायला रेशनकार्ड पाहिजे आणि रेशनकार्ड घरात होतं. दुय्यम रेशनकार्डासाठी ॲफिडेव्हिट पाहिजे, ॲफिडेव्हिटला स्टॅम्पपेपर, नोटरी आणि ओळख पटवणारा माणूस पाहिजे. एका कागदापायी तीन कचेऱ्यांचे हेलपाटे. हातावर पोट असलेल्या माणसाची त्या हेलपाट्यांत तीन दिवसांची मजुरी बुडायची. अर्जाच्या छापील रकान्यांत भांडी होती, कपडे होते, हत्यारं होती. मापांची वही कुठे लिहायची? दोनेकशे घरांची मापं होती तिच्यात. गिऱ्हाइकांचं शिवायला आलेलं कापड कुठे लिहायचं? ते आमच्या मालकीचं नाही म्हणून धरलं नाही. पण एका नवरदेवाच्या सफारीचं कापड आमच्याकडे जळलं होतं आणि लग्न तोंडावर होतं. अण्णांनी उधारीने तसंच कापड आणून, शेजारच्या शिंप्याच्या मशिनीवर बसून ती सफारी शिवून दिली. असं कापड भरून द्यायला पुढची दोन वर्षं गेली.

आणि पोटभाडेकरू, कारखान्यातच झोपणारे कारागीर, नाक्यावरचे मजूर यांचा तर अर्जच होऊ शकत नव्हता. जे गावी गेले त्यांच्यातल्या एकाचाही अर्ज मी लिहिला नाही. लिहिणार कसा? ते नव्हतेच. सगळ्यात जास्त भ्यायलेला माणूस सगळ्यात आधी निघून जातो, आणि हजर असेल त्याचंच लिहायचं हा सरकारचा नियम. म्हणजे ज्याला दंगलीने सगळ्यात दूर फेकलं तोच नेमका वहीबाहेर राहिला.

मला कुणी विचारलं की दंगलीनंतर सरकारने काय करावं, तर मी इथपासून सुरुवात करीन. सरकारने वही घेऊन माणसाकडे जावं. छावणीत जावं, स्टेशनवर जावं, तो ज्या गावी गेला तिथल्या तहसीलदारामार्फत त्याला गाठावं. रेशनकार्ड नसेल तर शेजाऱ्याचा शब्द, मशिनीचा नंबर, दुधाचं खातं, शाळेचा दाखला, जे असेल ते पुरावा म्हणून घ्यावं. पंचनाम्याची प्रत तिथल्या तिथे हातात द्यावी. मुदत पंधरा दिवसांची ठेवू नये, माणसाला परत यायचं धैर्य व्हायलाच सहा महिने लागतात. यातलं काहीही अवघड नाही. निवडणुकीच्या याद्या करायला हेच सरकार घरोघरी माणूस पाठवतं.

चेक आला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. अकाउंट पेयी चेक, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचं बँकेत खातं नाही. खातं उघडायला पुन्हा ओळखीचा कागद! आमच्या चेकवरची रक्कम एका नव्या मशिनीलाही पुरली नाही. विमा अण्णांनी कधी उतरवला नव्हता. बँकेचं कर्ज घेतलेल्या मोठ्या दुकानदारांच्या आगीच्या विम्यात दंगलीचं नुकसानही धरलेलं असतं, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. चारपैकी दोन सांगाडे सुतार आणि मेकॅनिककडून उभे करून घेतले. फळी नवी, पट्टा नवा, सांगाडा जळका. त्या मशिनी चालताना कण्हल्यासारखा आवाज करायच्या.

दुकान परत सुरू करायला कापड लागणार होतं. अण्णा मला घेऊन भिवंडीला गेले. त्यांचा नेहमीचा व्यापारी मुसलमान होता आणि मनात धाकधूक होती, काय बोलायचं, कसं बोलायचं. भिवंडी म्हणजे आमच्या पिढीला दंगलीचंच नाव. १९७०ला झाली, मे १९८४ला झाली. पण आम्ही स्टँडवर उतरलो तर यंत्रमागांचा तो खडखडाट नेहमीसारखाच चालू. मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली होती. व्यापाऱ्याने अण्णांना गादीवर बसवलं, काय जळलं ते विचारलं आणि एक शब्द न लिहून घेता तीन तागे उधार दिले. परतताना अण्णा म्हणाले, “याने बिल मागितलं नाही.”

भिवंडी कशी वाचली हे त्या व्यापाऱ्यानेच सांगितलं. सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी १९८८मध्ये तिथे आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या नेमल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसं, मागवाले, दुकानदार, आणि त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस. दंगल नसताना ही माणसं नियमित एकत्र बसायची. नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत सगळं तिथे बोललं जायचं. त्यामुळे डिसेंबरात अफवा उठली तेव्हा खरं-खोटं विचारायला जायला प्रत्येकाकडे एक ओळखीचं दार होतं. पोलिसाला माणसं नावाने ठाऊक होती, माणसांना पोलीस. आमच्या धारावीत तेव्हा तसं दार नव्हतं. अफवा आली की आम्ही फक्त कडी लावत होतो.

मुंबईतही पुढे १९९४पासून मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी ते काम उचललं. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी माणसं जोडली. चार धर्मांच्या वेशातल्या चार मुलांचं, ‘हम सब एक हैं’ लिहिलेलं वकारभाईंचं पोस्टर कितीतरी दुकानांत लागलं. आमच्याही दुकानात होतं. मी त्या बैठकांना जाऊ लागले आणि पुढे शाळेत नोकरीला लागल्यावरही बरीच वर्षं जात राहिले. बैठकीत बहुतेकदा गटाराचं, लाइटचं, लाउडस्पीकरचं बोलणं व्हायचं. बाहेरच्यांना वाटे, याला शांततेचं काम कसं म्हणायचं. पण एका गणपतीत मिरवणूक अडली आणि हवा तापायला लागली, तेव्हा ठाण्यातल्या हवालदाराने आधी फोन केला तो आमच्या कमिटीतल्या एका खाटीकदादांना. दोघं मिळून वाटेत जाऊन उभे राहिले आणि पाऊण तासात मिरवणूक पुढे गेली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची एक ओळही नव्हती.

पण जी माणसं गेली ती गेली. आमच्या गल्लीतली सात-आठ मुसलमान घरं मुंब्र्याला गेली. पलीकडच्या वस्तीतली हिंदू घरं अशीच आपल्या माणसांत सरकली. खोल्यांची अदलाबदल झाली, कवडीमोलाने विकल्या गेल्या. शाळेत शिकवताना मला कळायचं की माझ्या वर्गातल्या पोरांना दुसऱ्या समाजातला एकही मित्र नाही, कारण तो राहतच नाही जवळपास. ईदचा शिरखुर्मा डब्यातून यायचा तो यायचा थांबला, हे या मुलांना सांगूनही कळत नाही, कारण त्यांनी तो आलेला पाहिलाच नाही. याचा पंचनामा कुणी केला नाही. पुनर्वसन म्हणजे चेक असं धरलं की हे सगळं हिशेबातून सुटतं. ज्याला परत यायचं आहे त्याला त्याच गल्लीत, त्याच खोलीत, पहारा देऊन परत आणून बसवणं हे सरकारचं काम होतं. ते झालं नाही.

आयोगापुढे अण्णांनी ॲफिडेव्हिट केलं. २५ जानेवारी १९९३ला न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला होता आणि लोकांकडून शपथपत्रं मागवली होती. अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं. त्यात मास्टरांची पाचवी मशीन होती, नंबरासकट. आयोगाकडे लोकांची, पोलिसांची मिळून एकूण २,१२६ शपथपत्रं आली आणि ५०२ साक्षीदार तपासले गेले. अण्णांना साक्षीला बोलावणं आलं नाही, पण त्यांना त्याची खंत नव्हती. “लिहून घेतलंय ना कुणीतरी,” असं म्हणायचे. म्हणूनच २३ जानेवारी १९९६ला तेव्हाच्या राज्य सरकारने आयोगच गुंडाळला तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. २८ मे १९९६ला आयोग पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारी १९९८मध्ये अहवाल आला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळात ठेवला गेला. ९०० माणसं गेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ ज्यांची ओळखच पटली नाही, आणि ५ इतर. सरकारने तो अहवाल मानला नाही. अण्णांनी कात्रण कापून कटिंगच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

मास्टर १९९५मध्ये एकदा आले, एकाच दिवसासाठी. दाढी पांढरी झाली होती. त्यांचा सांगाडा आम्ही माळ्यावर ठेवला होता. तो खाली काढला. त्यांनी चाकावर हात ठेवून एक फेरा देऊन बघितला, चाक जाम होतं. अण्णांनी दुरुस्त केलेल्या दोनपैकी एक मशीन त्यांना देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. “सेठ, यहाँ बच्चे पलते हैं,” म्हणाले. चहा घेतला. माझं लग्न ठरलं होतं म्हणून माझ्या हातात अकरा रुपये ठेवले आणि गेले. त्यानंतर दोन पोस्टकार्डं आली, मग तीही थांबली.

४ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मुंबईच्या दंगलीबद्दल २००१मध्ये दाखल झालेल्या याचिकेवरचा. लोकांना जे सोसावं लागलं ते राज्य कायदा-सुव्यवस्था राखू शकलं नाही म्हणून, आणि त्यांना भरपाई मागण्याचा हक्क आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. त्यात बेपत्ता माणसांचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. १६८ माणसं बेपत्ता. त्यांतल्या ६० जणांच्या कुटुंबांना दोन लाख मिळाले. उरलेल्या १०८ कुटुंबांना मिळाले नव्हते. पत्ता सापडला नाही, कागद पुरे झाले नाहीत. एकोणतीस वर्षांनी न्यायालयाने सांगितलं की त्यांना शोधा आणि २२ जानेवारी १९९९पासून नऊ टक्के व्याजासह द्या. आरोपी सापडत नाहीत म्हणून निद्रिस्त पडलेले ९७ खटलेही पुन्हा हलवायला सांगितलं. मला आमच्या ओट्यासमोरून ट्रंका घेऊन गेलेली माणसं आठवली. त्यांनी गावाहून तक्रार कुठे करायची होती?

आज निदान तेवढं बदललं आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. मास्टरांना गावच्या ठाण्यात बसून धारावीची फिर्याद देता आली असती. नुकसानभरपाईच्या अर्जालाही हाच नियम लावायला काय हरकत आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पण दुसरीकडे, नागपूरच्या दंगलीनंतर आठवड्याभरात आरोपीच्या घरावर बुलडोझर गेला. पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करायचं नाही असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्येच बजावलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली, तोवर एक घर पडलं होतं. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, कडक व्हावी. ‘अज्ञात जमाव’ लिहून हात झटकणं मला आजही सहन होत नाही. पण त्यासाठी नाव शोधावं लागतं, साक्षीदार सांभाळावे लागतात, खटला कोर्टात तडीस न्यावा लागतो. घर पाडल्याने ज्याचं दुकान जळलं त्याला एक ओळही मिळत नाही. आणि त्या घरात राहणारी म्हातारी आणि मुलं उद्या कुणाच्या तरी ओट्यावर कागद घेऊन जातील.

अण्णा २००९ला गेले. दुकान भावाने विकलं. कागदांची पिशवी माझ्याकडे आली. निकाल वाचला त्या रात्री मी ती काढली. पंचनाम्याची प्रत चार घड्यांवर विरली आहे, तमिळ सही अजून स्वच्छ दिसते. “शिलाई मशीन, नग चार.” त्या ओळीच्या शेजारी, समासात, अण्णांनी कपड्यावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने एक नंबर लिहून ठेवला आहे आणि पुढे मास्टरांचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. हे त्यांनी कधी लिहिलं ते मला माहीत नव्हतं. मी एका पोस्टकार्डावर तो पत्ता जसाच्या तसा उतरवला आणि सकाळी शाळेत जाताना पेटीत टाकलं.